खुटा की पारा

रविवारी आमच्या ओट्यावर माझ्या बाबांना मार बसत असे. तोंडी मार. मारणारे दोघंही बाबांवर जीव टाकणारे, आणि बाबा त्यांच्यामधे भिंतीला पाठ टेकून मुकाट ऐकत बसलेले. एक शेषरावकाका, आमच्याच गल्लीतले शिंपी. रविवारीसुद्धा गळ्यातला टेप काढायचे नाहीत. आमच्या विहाराचा कारभार त्यांच्याकडेच होता, त्यामुळे ते साधं बोलले तरी सूचना दिल्यासारखं वाटे. दुसरे युसूफचाचा, कोपऱ्यावरच्या सायकल दुकानाचे मालक. ते मूळचे अमरावतीचे, अकोल्याचे जावई. अर्धं आयुष्य अकोल्याचं पाणी पिऊनही त्यांची जीभ अमरावतीच्याच बाजूनं वळायची. दोघांचा वाद एकच: भरात असताना कोणाला कोणी हरवूच शकलं नसतं, आमच्या खुट्याला की अमरावतीच्या पाऱ्याला.

खुटा म्हणजे माझे बाबा, किसन. बैल बांधायचा खुटा एकदा जमिनीत ठोकला की कितीही हिसके बसोत, जागचा हलत नाही. बाबा रिंगमधे तसे उभे राहात, म्हणून ते नाव. पारा म्हणजे हमीद. त्याच्यावर ठोसा उगारावा तर तो तिथं नसायचाच. दोघं एकदाच समोरासमोर आले होते, अमरावतीला, एका फायनलमधे. हमीदनं तिन्ही राऊंड बाबांना धुऊन काढलं आणि पॉइंटांवर जिंकला. पण बाबा पडले नाहीत. गुडघासुद्धा टेकला नाही. सगळ्या वादाचं मूळ तिथं होतं. शेषरावकाका म्हणायचे, "जो पडलाच नाई, तो हरला कसा? सांग ना मले." युसूफचाचा म्हणायचे, "आन् ज्याले हातच लागला नाई, तो काय झक मारून जिंकला?" मग काका उठून उभे राहायचे. चाचा उठायचे. आणि फायनल पुन्हा सुरू व्हायची.

चाचा हमीद व्हायचे, काका बाबा व्हायचे. "हा पहिला कानशिलावर बसला. धाड. हालला? नाई हालला." "हा दुसरा, हनुवटीवर. मानूस असता तर झोपला असता तथीच." "भिताड होतं बे ते, भिताड." आत माय खलबत्त्यात ठेचा कुटत असायची आणि तिच्या बत्त्याचा ठोका आणि यांचं धाड एकमेकांत मिसळून जायचं. मी चहाचे कप घेऊन दारात उभी असायची, वाट पाहात, कारण फायनल चालू असताना मधे कोणी कप ठेवलेला दोघांनाही खपत नसे. शेवटच्या राऊंडला बाबांच्या डोक्यावर हमीदनं एकामागून एक ठोसे घातले ते सांगताना शेषरावकाकांचे डोळे भरून यायचे. अभिमानानं. मी आता म्हातारी झाले, पुष्कळ सत्कार पाहिले, पुष्कळ भाषणं ऐकली, पण माणसाच्या डोक्यावर बसलेल्या घावांचं इतकं प्रेमानं केलेलं वर्णन मला पुन्हा ऐकायला मिळालं नाही. बाबा काहीच बोलायचे नाहीत. फार झालं तर चहाचा घोट घेऊन म्हणायचे, "हमीद चांगला होता." त्यावर काका चिडायचे, कारण मग भांडायचं कोणासाठी?

माझा नातू सम्यक परवा मित्रांना घेऊन आला होता. मी लग्न होऊन अमरावतीला आले त्याला आता किती वर्षं झाली, म्हणजे हिशेबानं मी पाऱ्याच्या गावची. पोरं मोबाइलवर जगातल्या कुठल्या कुठल्या बॉक्सरांची यादी लावून भांडत होती. अमका भरात असताना अजिंक्य होता, तमक्याचा जबडा लोखंडाचा होता, कितीही हाणा, पडायचा नाही. एकानं मला विचारलं, "आजी, तुमचे बाबा बॉक्सर होते ना? तुम्ही सांगा." मी त्यांना पोहे दिले आणि आत जाऊन बसले. जबडा लोखंडाचा असतो, मान्य. त्याच्या वर जे असतं ते लोखंडाचं नसतं, हे त्या वयात कोणाला सांगायचं आणि ऐकणार कोण.

बॉक्सिंगनं बाबांना एक गोष्ट दिली, सरकारी गोदामातली पहारेकऱ्याची नोकरी. खाकी शर्ट, शिट्टी, आणि दरमहा येणारा पगार. त्याच्यावर आमचं घर उभं होतं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि पगाराच्या रविवारी सुक्या बोंबलाचं कालवण, ज्याचा वास गल्लीच्या तोंडापासून येऊन आम्हाला घरी ओढून आणायचा. बाबा घरात मऊ होते. एवढ्या मोठ्या मुठी, पण माझी वेणी घालायला बसले तर मायपेक्षा हळुवार. मी नववीत असताना त्या मुठी बिघडायला लागल्या. आधी शर्टाचं बटण लागेना. मग कप हलायला लागला. चहा बशीत, बशीतून पायजम्यावर. चालताना बाबा एका अंगाला ओढले जात, गल्लीत भिंतीचा आधार घेत. आणि जीभ जड झाली. 'शकुंतला' हे माझं नाव तोंडातून पुरतं निघेना, म्हणून त्यांनी मला नुसतं 'शकू' म्हणायला सुरुवात केली, आणि मला ते लाडानं वाटलं.

झोकांड्या, थरथरता हात, जड जीभ. आमच्या वस्तीत एवढ्या तिन्हींचा अर्थ एकच होता. आणि त्यात भर पडली पेरूच्या पाल्याची. आमच्या अंगणात एक पेरूचं झाड होतं. बाबा संध्याकाळी ड्यूटीवरून आले की आधी त्या झाडाकडे जात, चार पानं तोडत आणि ओट्यावर बसून चावत राहात. आमच्याकडे पेरूचा पाला कोण चावतो हे लेकराबाळांनासुद्धा ठाऊक आहे. दारूचा वास मारायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पिणारे खिशातच बाळगतात. मायनं एकदा विचारलं, "पाला काहून खाता हो रोज?" बाबा म्हणाले, "दात दुखते." बस्स. हे उत्तर वस्तीतल्या प्रत्येक बाईनं आपापल्या नवऱ्याकडून ऐकलेलं होतं.

माझी माय वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणालाही तसं वाटेल. तिच्या बापानं दारूत घर बुडवलं होतं. धम्म घेतला तेव्हा दारू सोडली म्हणून तिच्या माहेरी गावजेवण झालं होतं, आणि तोच बाप दोन वर्षांत पुन्हा गुत्त्यावर. लहानपणी ती आपल्या आईबरोबर त्याला तिथून ओढून आणायला जायची. त्यामुळे आता तिला पुरावा नको होता, तिला चाल ओळखू येत होती. रोज संध्याकाळी बाबा पानं चावून आत आले की ती त्यांच्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "तोंड उघडा." बाबा उघडायचे. ती वास घ्यायची. वास पेरूचा. मग ती तोंड फिरवून चुलीकडे जायची आणि भाकरी इतक्या जोरात थापायची की कडा फाटायच्या. अख्खं अकोला ज्याला खुटा म्हणत होतं, तो माणूस लहान पोरासारखा तोंड उघडून उभा राहिलेला मी रोज पाहिला. बायकोच्या नाकासमोर. त्या दिवसांत मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की बाबा गोदामातून थेट घरी येतात. मी शाळेतून सुटून त्यांच्याबरोबरच येत असे. पण नववीतल्या पोरीला कोण विचारतं.

मग गोदामातल्या साहेबानं बाबांना बोलावून दम दिला. पुन्हा पिऊन आलास तर घरी बसवीन. ही बातमी मायच्या आधी विहारात पोचली.

आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदना व्हायची. शेषरावकाका समोर उभे राहून एक ओळ म्हणायचे, मग सगळे तीच ओळ म्हणायचे, मग काका पुढची घ्यायचे. बाबांची ओळ आता मागे पडायला लागली होती. सगळ्यांची संपली तरी त्यांची अर्धी बाकी असायची, काका पुढची ओळ सुरू करायचे, आणि तिच्या खाली बाबांचा जड आवाज मागच्या ओळीतच अडकून पडायचा. पोट्टे खुदुखुदु हसायचे. पाचव्या शीलाला, म्हणजे नशापाणी करणार नाही हे म्हणायच्या वेळी, ते हसू मोठं व्हायचं. आणि आमच्या विहारात एक रीत होती. ज्यानं पाचवं शील मोडलं, त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून ते एकट्यानं पुन्हा घ्यायचं. मोठ्यानं. मग वस्ती ते विसरून जायची. रीत चांगलीच होती, तिनं दोन-चार घरं वाचवली होती. फक्त ज्यानं शील मोडलंच नाही त्यानं काय करायचं, याचा विचार रीत पाडणाऱ्यांनी केलेला नव्हता.

जयंती जवळ आली तेव्हा वस्तीतल्या तरुण पोरांनी ठरवलं की यंदा मैदानावर खुटा आणि पारा दोघांचा सत्कार करायचा. युसूफचाचा अमरावतीला जाऊन हमीदला आवतण देऊन आले. शेषरावकाका एका दुपारी घरी आले, चहाला नाही म्हणाले आणि ओट्याखालीच उभे राहिले.

"किसन, सत्कार तुहा होऊन राह्यला, मले आनंद आहे," ते म्हणाले. "पन पेनाऱ्या मानसाच्या गळ्यात जयंतीच्या दिवशी हार घालता येत नाई. त्याच्या आंधी या रविवारी शील घेऊन टाक."

"मी पेलो नाई," बाबा म्हणाले.

"मी काय परका आहो? तुह्यासाठी अर्धी जिंदगी भांडलो मी. एक ओळ म्हनाची आहे."

"मी पेलो नाई, शेषराव."

काकांनी दाराकडे, मायकडे पाहिलं. माय पदर तोंडाशी धरून उभी होती. "घेतीन ते," ती म्हणाली. "तुमी तयारी करा, भाऊ. नोकरी गेली त पोट्टीचं शिक्षन जाईन. घेतीन ते शील." बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आता त्यांचा चेहरा कशालाच पटकन हलत नसे. राग, हसू, सगळं उशिरा यायचं. त्या दिवशी काय येणार होतं ते आलंच नाही. ते उठले आणि झाडाखाली जाऊन बसले.

त्या रविवारी बाबा विहारात गेलेच नाहीत. मग काकांनी आणि मायनं मिळून मधला मार्ग काढला. शील स्टेजवरच घ्यायचं, हाराच्या आधी, माइकवर. म्हणजे गोदामातल्या लोकांच्याही कानावर जाईल आणि एकदाचा विषय मिटेल. बाबांना हे सांगितलं नाही. ऐन वेळी माणूस नाही म्हणत नाही, असं काकांचं म्हणणं होतं.

जयंतीच्या दिवशी उन्हं कलल्यावर मैदान भरलं. निळी निशाणं, रसाळ भाषणं, लाउडस्पीकरची खरखर. बाबांना शेषरावकाकांनी स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातला होता, बटणं मी लावली. हमीद दुपारीच आले होते. मी त्यांना पहिल्यांदा पाहात होते. बारीक, पांढरी दाढी, एका डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली. त्यांनी अमरावतीहून डबा आणला होता, त्यात गिलावडा, दह्यात भिजलेला मऊ वडा. "किसनसाठी," ते मायला म्हणाले. "दाताले तरास नाई." मायनं डबा घेतला आणि त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. लक्ष देण्यासारखं त्यात काही आहे हे तेव्हा कोणालाच कळलं नाही.

दोघं स्टेजवर बसले. बाबांचा हात मांडीवर थरथरत होता, त्याच्यावर हमीदनी आपला हात ठेवला होता आणि समोर पाहात बसले होते. मग शेषरावकाका माइक घेऊन आले. फायनलचं वर्णन झालं, टाळ्या झाल्या. त्याच आवाजात काका म्हणाले, "आता किसनभाऊ हार घ्यायच्या आंधी आपल्या सगळ्याईसमोर पाचवं शील घेतीन." माइक बाबांच्या तोंडापुढे आला. बाबांनी काकांकडे पाहिलं, मग खाली पहिल्या रांगेत बसलेल्या मायकडे. आणि बाबा माइकमधे म्हणाले, "मी पेलो नाई."

पण ते तसं ऐकू आलं नाही. एवढ्या लोकांपुढे, एवढ्या अपमानात त्यांची जीभ पार दगड झाली. लाउडस्पीकरमधून चारी दिशांना जे गेलं ते एखाद्या तर्र माणसाचं बरळणं होतं. 'प' सुटला नाही, 'ल' लोंबकळला. मैदान हसलं. बाबांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. ते पुन्हा म्हणाले, जास्त जोर लावून, आणि जोर लावल्यावर आणखी वाईट निघालं. तेव्हा लोक पोट धरून हसले. जितकं ते नाही म्हणत होते, तितकं ते सिद्ध होत होतं. माणसाला खरं बोलायला तोंड एकच असतं, आणि तेच उलटलं तर त्यानं काय करावं? हा प्रश्न मी आजवर कोणत्या भन्तेजींनाही विचारलेला नाही.

ते उठले, पायऱ्यांकडे वळले, आणि पहिल्याच पायरीवर पाय चुकून खाली पडले. तोंडावर. पांढऱ्या शर्टावर मैदानाची माती आणि फुटलेल्या ओठाचं रक्त. खुटा पडलेला कोणी पाहिलाच नव्हता. मग मागून एका पोट्ट्यानं सुरुवात केली, "एक...", आणि बाकीच्यांनी उचलून धरलं. "दोन... तीन..." रिंगमधे पडलेल्या माणसावर पंच मोजतो तसं. मी धावले, पण माझ्या आधी हमीद उतरले होते. त्यांनी बाबांना उचललं नाही. ते बाबांच्या शेजारी त्या मातीत बसले, आणि मग हळूच, धुतलेल्या कुर्त्यासकट, आडवे झाले. बाबांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन. मोजणी सातावर अडखळली आणि थांबली. दोन माणसं पडलेली असली तर कोणावर मोजायचं हे पोट्ट्यांना माहीत नव्हतं.

हमीद काहीतरी विचारत होते. मी जवळ होते म्हणून ऐकलं. "पाला चावतो का बे, किसन?" बाबांनी मान हलवली. हो. "मंग सांगत काहून नाई?" बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते मात्र उशिरा आलं नाही.

घरी आणल्यावर हमीदनी बाबांना खाटेवर बसवलं आणि ते अंगणात गेले. शेषरावकाका मागून आले होते, हातात तो न घातलेला हार तसाच. युसूफचाचा दारात. हमीदनी आमच्या झाडाची चार पानं तोडली, हातावर चोळली, तोंडात टाकली आणि चावायला लागले. माय पाहात राहिली.

"तुमी बी?" ती म्हणाली.

"मी बी, भाभी. आमच्या उस्तादानं शिकवलं. ठोसे खाऊन दात हालले, हिरड्या सुजल्या की पेरूचा पाला. वरच्या जबड्याचे माहे सगळे हालते. ह्याचे त पाह्यलेच असतीन तुमी." मायनं पाहिले नव्हते. रोज संध्याकाळी तिनं ते तोंड उघडायला लावलं होतं, आणि एकदाही आत पाहिलं नव्हतं. तिला फक्त वास घ्यायचा होता.

"मंग हे झोकांड्या काहून?" शेषरावकाका म्हणाले. त्यांचा आवाज अजून विहारातलाच होता, पण खालच्या पट्टीत. "बोलनं काहून असं झालं?"

हमीदनी चावलेला पाला थुंकला. "माह्या उस्तादाचा पोरगा असाच झाला होता. नागपूरले दाखवलं. डॉक्टर म्हने डोक्यावर मार बसला तो आतमधी राह्यला. दारू नाई, काई नाई. मार." त्यांनी काकांकडे पाहिलं. "तुमी दर रविवारी त्या फायनलची गोष्ट सांगता म्हने. युसूफभाई सांगते मले. मी सांगू? शेवटच्या राऊंडले माहे हात दुखून राह्यले होते याच्या डोक्यावर मारू मारू. मी मनात म्हनत होतो, पड रे बाबा. पडून जा आता. मी तिथं दहादा पडलो असतो. मी जिथं जिथं हरलो तिथं पडलो, न् पडलो म्हनून आज अमरावतीवरून यष्टीनं एकटा आलो. याले पडाले कोनी शिकवलंच नाई. तुमी टाळ्या वाजवल्या."

युसूफचाचा ओट्याच्या कडेवर बसले, जिथं ते रविवारी हमीद होऊन उभे राहायचे. माय आत गेली. भांड्यांचा आवाज आला नाही, चुलीचा आला नाही. बऱ्याच वेळानं ती गिलावड्याचा डबा घेऊन बाहेर आली, बाबांच्या खाटेशी बसली आणि एकेक घास मोडून त्यांना भरवायला लागली. मधेच ती थांबली. "तोंड उघडा," ती म्हणाली. बाबांनी सवयीनं उघडलं. तिनं बोटानं त्यांचा ओठ वर केला आणि कंदील जवळ धरून एकेक दात पाहिला. मग ती जी रडायला लागली, ते मला आजही ऐकू येतं. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे थांबवायचं कसं हेही ठाऊक नव्हतं.

पुढं बाबांनाही नागपूरला नेलं. डॉक्टरांनी हमीदनी सांगितलं तेच जरा मोठ्या शब्दांत सांगितलं, आणि औषध नाही हेही सांगितलं. नोकरी त्यानंतर फार टिकली नाही. पण ती आजारी माणसाची म्हणून गेली, दारुड्याची म्हणून नाही. काय फरक पडतो, असं लोक म्हणत. बाबांना पडला. ओट्यावरचा वाद त्या दिवसापासून बंद झाला. काका आणि चाचा यायचे, बसायचे, पावसापाण्याचं बोलायचे. महिनाभरानं शेषरावकाकांनी एक गाठोडं आणून मुकाट खाटेवर ठेवलं. चार शर्ट होते. एकालाही बटण नव्हतं. पुढून बंद, गळा मोठा, डोक्यातून घालायचे. बाबांनी त्यातला एक एकट्यानं अंगात घातला, कोणाची मदत न घेता, आणि काकांकडे पाहात राहिले. हसू उशिरा आलं, पण आलं.

त्याच्या पुढच्या रविवारी बाबा स्वतःहून विहारात निघाले. मी हात धरला होता. ते पुढं बसले नाहीत, मागं चपलांच्या जवळ बसले. काकांनी ओळ म्हटली, सगळ्यांनी म्हटली, सगळ्यांची संपली. मागून बाबांचा आवाज येत होता, अर्ध्यात. काकांनी पुढची ओळ घेतली नाही. डोळे मिटून उभे राहिले. बाबांची ओळ संपली तेव्हा त्यांनी पुढची घेतली. प्रत्येक ओळीला तसंच. पाचव्या शीलाला फार वेळ लागला, एकेक शब्द चढणीवरून ओझं आणल्यासारखा येत होता, आणि अख्खं विहार वाट पाहात होतं. कोणी मागं वळून पाहिलं नाही. कोणी हसलं नाही. असं पुढं वर्षानुवर्षं चाललं. आवाज बारीक होत गेला, मग नुसते ओठ हलायचे, आणि काका समोरून त्या ओठांकडे पाहून पुढची ओळ घ्यायचे.

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी माय आणि मी विहारात गेलो. काकांनी ओळ म्हटली, सगळ्यांनी म्हटली, आणि सवयीनं सगळे थांबले. मग काकांच्या लक्षात आलं, त्यांनी खाकरून पुढची घेतली. पाचव्या शीलापर्यंत तसंच झालं. दर ओळीनंतर ती जागा मोकळी राहायची. पाचवं शील सगळ्यांनी म्हटलं तेव्हा माय गप्प होती. सगळ्यांचं संपलं, आणि मग ती मागं चपलांजवळ, बाबांच्या जागेवर उठून उभी राहिली आणि तिनं ते एकटीनं म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्यानं, रीतीप्रमाणे. जिच्या संसारात दारूचा थेंब कधी आला नव्हता, त्या बाईनं.

काकांनी ती पुरती संपेपर्यंत वाट पाहिली.